जुन्या सिंथला कोणता अडॅप्टर लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्याकडच्या आमच्या भागात घरोघर पेटी असायची. नंतर तिच्या शेजारी कीबोर्ड किंवा सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज तयार करणारं वाद्य) येऊन बसला. कुणाच्या मामाने तो कुवेतहून आणलेला, कुणाच्या तारवटी (जहाजावर नोकरी करणाऱ्या) भावाने बंदरावर उतरून घेतलेला, तर कुणी हणजूणला (अंजुना) मायदेशी परतणाऱ्या पाहुण्याकडून स्वस्तात उचललेला. वाद्य वर्षानुवर्षं टिकतं, अडॅप्टर मात्र घर बदलताना, माळा साफ करताना कुठेतरी हरवतो. मग घरात सापडेल तो लावून बघितला जातो. मी भजनाला आणि जत्रेतल्या नाटकांना कीबोर्डची साथ करतो आणि उरलेल्या वेळात ही जुनी वाद्यं उघडून दुरुस्त करतो. माझ्याकडे येणारी कितीतरी वाद्यं त्या एका प्रयोगातच गेलेली असतात. म्हणून लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतो आहे.

वाद्य हातात आलंय, अडॅप्टर नाही. सगळ्यात आधी काय बघू?

वाद्य उलटं करा. मागच्या बाजूला अडॅप्टरच्या भोकाजवळ किंवा तळाच्या पाटीवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. चार गोष्टी शोधायच्या, त्याही ह्याच क्रमाने: वीज एसी (घरच्या बोर्डासारखी, दिशा बदलत राहणारी) हवी की डीसी (सेलसारखी, एकाच दिशेची), व्होल्ट किती, पिनेच्या आत प्लस की मायनस, आणि मिलिअँपिअर (करंट) किती. पहिल्या तिन्ही गोष्टी तंतोतंत जुळायला हव्यात. चौथी पाटीवर आहे तितकी किंवा जास्त चालते.

पिन भोकात बसते की नाही हा पाचवा मुद्दा आहे, आणि त्याचा वरच्या चारांशी काही संबंध नाही. तीच पिन एका अडॅप्टरवर ९ व्होल्ट देते, दुसऱ्यावर १२, तिसऱ्यावर उलट्या बाजूने ९, चौथ्यावर एसी. पिन बसली म्हणजे अडॅप्टर जुळला, ह्या समजुतीने जितकी वाद्यं मारली आहेत तितकी गोव्याच्या पावसानेही मारली नसतील.

वायफाय राउटरचा अडॅप्टर अगदी बरोबर बसतो. तात्पुरता लावला तर?

लावू नका. राउटरचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे असतात आणि त्यांच्या पिनेत आत प्लस असतं. ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच कॅसिओ आणि रोलंड वाद्यांना ९ व्होल्ट लागतात आणि आत मायनस लागतं. म्हणजे व्होल्टही चुकले आणि बाजूही उलटी.

हे मी स्वतः भोगलं आहे. घरातल्या जुन्या कीबोर्डचा अडॅप्टर नाटकाच्या तालमीच्या दिवशी बंद पडला. बाजारातल्या एका दुकानात गेलो, ९ व्होल्टचा मागितला. दुकानदाराने पिन बसवून दाखवली आणि ‘सगळे एकच असतात’ म्हणाला. व्होल्ट बरोबर होते, तेवढ्यावर मी समाधान मानलं. देवळाच्या चौकात सतरंजीवर बसून स्विच दाबला. आवाज आला नाही, दिवा लागला नाही. एक हलकीशी ‘टक्’ झाली आणि भोकाच्या बाजूने जळक्या बेकेलाइटचा, नाकात चढणारा वास आला. घरी येऊन उघडलं तर आत शिरल्या शिरल्या पहिला जो कंडेन्सर (वीज थोडी साठवून व्होल्ट सम ठेवणारा भाग) होता त्याचं टोपण फुगून फाटलं होतं आणि त्यातलं तपकिरी पाणी आजूबाजूच्या तांब्याच्या रेघांवर पसरलं होतं. पिनेत आत प्लस होतं, वाद्याला आत मायनस हवं होतं. त्या दिवसापासून मीटर लावल्याशिवाय मी कुठलाही अडॅप्टर कुठल्याही वाद्यात घातलेला नाही.

आत प्लस, आत मायनस हे चिन्ह कसं वाचायचं?

मध्ये एक टिंब असतं आणि त्याभोवती अर्धा वाटोळा कंस. टिंब म्हणजे पिनेचं आतलं भोक, कंस म्हणजे बाहेरचा धातूचा भाग. टिंबाकडून निघालेली रेघ ज्या चिन्हाकडे जाते ते आतलं, कंसाकडून निघालेली ज्याकडे जाते ते बाहेरचं. हे चित्र वाद्यावरही असतं आणि अडॅप्टरवरही. दोन्ही शेजारी ठेवा आणि एकसारखी आहेत का ते बघा.

व्होल्टच्या आकड्याजवळ सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल तर डीसी. लाटेसारखी नागमोडी रेघ असेल तर एसी.

मीटरने नक्की कसं तपासायचं?

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. चकती डीसी २० व्होल्टवर आणा. अडॅप्टर बोर्डात लावा, पिन हातात धरा, वाद्यात घालू नका. लाल सळई पिनेच्या भोकात घाला, काळी बाहेरच्या धातूला टेकवा. लाल सळईचं टोक आतल्या भिंतीलाच लागलं पाहिजे. कडेला येऊन ते एकाच वेळी बाहेरच्या धातूलाही लागलं तर शॉर्ट होईल, म्हणून हात टेबलावर टेकून धरा. पडद्यावर नुसता आकडा आला तर आत प्लस. आकड्याच्या आधी वजाबाकीचं चिन्ह आलं तर आत मायनस. आकडा शून्याच्या आसपासच रेंगाळला तर अडॅप्टर मेलेला असेल किंवा तो एसी देत असेल. चकती एसी २० वर फिरवा. तिथे आकडा आला तर तो एसीचा अडॅप्टर आहे. (काही स्वस्त मीटरवर एसीची सगळ्यात खालची पायरी २०० असते, ती चालेल.)

कुठल्या कंपनीला काय लागतं, हे एकदाच सांगाल का?

सवयी सांगतो, पण कंपनीच्या नावावर विसंबू नका, पाटीवर विसंबा.

रोलंड आणि बॉस यांची ९ व्होल्टची वाद्यं सहसा आत मायनसवाली. १९८२ चा एसएच-१०१ सिंथ असाच. १९८१ चा टीबी-३०३ हा बास सिंथ सुद्धा असाच. हणजूणच्या किनाऱ्यावर नव्वदीच्या दशकात जो गोवा ट्रान्स (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजला, त्यातला तो चिरकत वळणारा ॲसिड बास मुळात ह्याच छोट्या चंदेरी डब्याचा. आज तो मूळ डबा कुणाकडे असेल तर त्याची किंमत चांगल्या स्कूटरहून जास्त आहे, तेव्हा त्याला नीट तपासलेला अडॅप्टर लावा.

जुन्या कॅसिओंचीही सवय आत मायनसची. सीझेड-१०१ ला ९ व्होल्ट. पण लहान मुलांचा म्हणून घेतला जाणारा, स्वतःचा आवाज भरून वाजवता येणारा एसके-१ घ्या, त्याला ७.५ व्होल्ट लागतात. ‘कॅसिओ म्हणजे ९’ असं धरून चालणारे इथे फसतात. अलीकडच्या कॅसिओंना ९.५ व्होल्टचे, वेगळ्या बारीक पिनेचे अडॅप्टर येतात. कंपनी तीच म्हणून नव्याचा अडॅप्टर जुन्याला चालतो असं नाही.

यामाहाच्या पीएसआर मालिकेतल्या, भजनी मंडळांत सगळीकडे दिसणाऱ्या कीबोर्डना बहुधा १२ व्होल्ट आणि आत प्लस. कॉर्गच्या व्होल्का मालिकेतली छोटी यंत्रं ९ व्होल्टची, पण आत प्लसवाली. म्हणजे एकाच टेबलावर बॉसचं गिटारचं पेडल आणि व्होल्का शेजारी असतील तर दोघांचे व्होल्ट एक आणि बाजू विरुद्ध. अंधाऱ्या स्टेजवर घाईत अडॅप्टरची अदलाबदल होते. माझ्या आत मायनसवाल्या सगळ्या अडॅप्टरच्या मानेला मी काळी टेप गुंडाळतो आणि आत प्लसवाल्यांना लाल.

पाटी घासून गेली आहे, माहितीपुस्तिकाही नाही. आता?

घाबरू नका, वाद्य स्वतः बरंच काही सांगतं.

आधी सेलचं झाकण उघडा. एक साधा सेल दीड व्होल्टचा. सहा सेल असतील तर ९, पाच असतील तर ७.५, आठ असतील तर १२. एसएच-१०१ मध्ये मधल्या आकाराचे सहा सेल बसतात, ९ व्होल्ट. एसके-१ मध्ये पेन्सिल सेल पाच, ७.५ व्होल्ट. पण हा अंदाज झाला. वर सांगितलेल्या टीबी-३०३ मध्ये सेल चारच बसतात, म्हणजे ६ व्होल्ट, आणि तरी त्याचा अडॅप्टर ९ व्होल्टचा आहे, कारण आतली सर्किट दोन्हींचा वेगवेगळा विचार करून बनवली आहे. सेल मोजून जो आकडा येईल त्याने, बाजू तपासून, सुरुवात केली तर वाद्याला सहसा इजा होत नाही. फार तर ते सुरू होणार नाही किंवा धड वाजणार नाही.

नवीन सेल घालून वाद्य एकदा वाजवून बघा. सेलवर चाललं तर आत सगळं ठीक आहे हे कळतं आणि पुढचा शोध निवांतपणे करता येतो.

आता बाजू. सगळे सेल काढा, कुठलीही वायर जोडलेली नको. मीटर बझरवर ठेवा, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की ‘पीप’ वाजतं. हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या जॅकचा बाहेरचा धातूचा भाग म्हणजे जवळपास नेहमीच वाद्याचा ग्राउंड, म्हणजेच मायनस. एक सळई तिथे टेकवा. दुसरी अडॅप्टरच्या भोकातल्या मधल्या काडीला लावा. पीप वाजलं तर आत मायनस. वाजलं नाही तर तीच सळई भोकाच्या कडेच्या स्प्रिंगच्या पट्टीला लावून बघा. तिथे वाजलं तर बाहेर मायनस, म्हणजे आत प्लस. खात्रीसाठी जॅकच्या जागी सेलच्या कप्प्यातली मायनसची स्प्रिंग धरून हीच तपासणी पुन्हा करा. एक मात्र आहे: काही वाद्यांत अडॅप्टरची पिन घातली की सेलची जोडणी आपोआप तुटते, त्यामुळे रिकाम्या भोकात एखादी जास्तीची जोडणी दिसू शकते. दोन्ही ठिकाणी पीप वाजलं किंवा कुठेच वाजलं नाही, तर अंदाज बांधू नका. वाद्य उघडून भोकापासूनच्या रेघा डोळ्यांनी बघायला लागतील. ते जमत नसेल तर जमणाऱ्याकडे न्या.

माझा जुना ९ व्होल्टचा अडॅप्टर मीटरवर १३ दाखवतो. बिघडला का?

नाही. तो जुन्या पद्धतीचा, जड, आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टर आहे. त्याच्यावर लिहिलेले ९ व्होल्ट हे पूर्ण भार घेतल्यावरचे. भार नसताना तो १२-१३, कधी १४ सुद्धा दाखवतो. जुनी वाद्यं हे गृहीत धरूनच बनवलेली होती.

हलक्या, मोबाइल चार्जरसारख्या अडॅप्टरना एसएमपीएस म्हणतात. ते भार असो नसो, ९ म्हणजे ९ देतात. तुमच्या वाद्याला अशा स्थिर ९ व्होल्टने काही अपाय नाही. उलटं मात्र सांभाळा. स्थिर ९ मागणाऱ्या नवीन नाजूक पेडलला जुना जड अडॅप्टर लावला तर त्याला एकदम १३ मिळतात.

पाटीवर ५०० मिलिअँपिअर लिहिलंय, माझा अडॅप्टर २००० चा आहे. जास्त करंट जाऊन जळेल का?

नाही. वाद्य त्याला हवा तेवढाच करंट ओढतं. घरच्या टाकीत हजार लिटर पाणी असलं म्हणून तांब्या फुटत नाही. कमी असेल तर मात्र त्रास: अडॅप्टर तापतो, आवाज वाढवला की वाद्य बंद पडून पुन्हा सुरू होतं, आवाजात खरखर येते. पाटीवर फक्त वॅट लिहिले असतील तर वॅटला व्होल्टने भागा. साडेचार वॅट आणि ९ व्होल्ट असेल तर अर्धा अँपिअर, म्हणजे ५००.

अडॅप्टरवर आउटपुटलाही एसी लिहिलंय. छपाईची चूक असेल ना?

चूक नाही. काही यंत्रांना खरोखरच ९ व्होल्ट एसी लागतात. अलेसिसची जुनी यंत्रं ह्यासाठी प्रसिद्ध आहेत. त्यांचा एसआर-१६ हा ड्रम मशीन गोव्यातल्या लग्नाच्या बँडवाल्यांकडे अजून सापडतो, आणि त्याचा जुना अडॅप्टर ९ व्होल्ट एसीचा. आतल्या सर्किटला प्लस आणि मायनस असे दोन्ही दाब (व्होल्ट) हवे असतात आणि एसीपासून ते स्वस्तात तयार करता येतात, म्हणून कंपनीने तसं केलं. अशा यंत्राला डीसी लावलं तर बहुतेक वेळा ते सुरूच होत नाही किंवा अर्धवट चालतं. डीसीच्या वाद्याला एसी लावणं मात्र घातक. कंडेन्सर फुटतो आणि पुढच्या चिपा घेऊन जातो.

एसीचा अडॅप्टर दुकानात सहज मिळत नाही. पण आत नुसता ट्रान्सफॉर्मरच असतो, त्यामुळे ९ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणकार वायरमनकडून बंद डब्यात, फ्यूजसकट बसवून घेता येतो. मेन्सच्या (घरच्या २३० व्होल्टच्या) बाजूचं काम स्वतः शिकण्याची जागा ही नव्हे.

वडिलांच्या टेपरेकॉर्डरचा बॅटरी एलिमिनेटर आहे, व्होल्ट बदलायचा खटका असलेला. चालेल?

चालेल, पण तीन गोष्टी पाहून. हे एलिमिनेटर बहुतेक ३०० ते ५०० मिलिअँपिअरचे असतात, त्यांना मोठं वाद्य झेपत नाही. त्यांचा व्होल्टचा खटका वर्षांनी ढिला होतो. ७.५ वर ठेवलेला खटका पिशवीत धक्का लागून १२ वर गेलेला मी पाहिला आहे. एकदा जागेवर आला की त्यावर टेप चिकटवून टाका. आणि त्यांची चार तोंडांची पिन उलट्या बाजूनेही बसते, म्हणजे प्लस-मायनस आपल्या हातात असतं. ते सोयीचं आहे आणि धोक्याचंही. एकदा मीटरने ठरवून घ्या, तोंड फेव्हिक्विकने कायमचं बसवा.

पिन आत जाते पण हलवली की वाद्य बंद पडतं.

बहुधा पिनेचं आतलं भोक मोठं आहे. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना एकसारख्या दिसतात, पण एकीचं भोक २.१ चं आणि दुसरीचं २.५ चं. २.५ ची पिन २.१ च्या काडीवर सैल बसते. उलट केलं तर ती आत जातच नाही. दाबून घालू नका, काडी वाकते. दोन्ही पिना सुट्या मिळतात. तोंड कापून योग्य पिन डाखून (सोल्डर करून) घ्यायची आणि डाखल्यावर मीटर पुन्हा लावायचं, कारण ह्याच वेळी दोन वायरींची अदलाबदल होते.

माझ्या सिंथला अडॅप्टर नाहीच, सरळ मेन्सची वायर आहे. अमेरिकेतून आणलाय.

मग हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचाच. १९८३ चा यामाहा डीएक्स-७, १९८४ चा रोलंड जुनो-१०६, १९८७ चा रोलंड डी-५०, १९८८ चा कॉर्ग एम-१ ह्या सगळ्यांचा पॉवर सप्लाय पोटात असतो. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ. अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००. कुवेतहून किंवा पोर्तुगालहून आलेलं वाद्य इथे सहसा लागतं, तिथला दाब जवळपास आपल्यासारखाच आहे. अमेरिकेतून किंवा जपानमधून आलेलं, किंवा तारवटी माणसाने जहाजावर वापरलेलं (जहाजावर दोन्ही प्रकारचे सॉकेट असतात), असं कुठलंही वाद्य मागची पाटी वाचल्याशिवाय लावू नका. चपट्या दोन पिना आपल्या मल्टिप्लगमध्ये सहज बसतात. प्लग बदलल्याने दाब बदलत नाही.

पाटीवर १२० असेल तर २३० वरून ११० करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. फक्त १०० लिहिलं असेल तर १०० चाच घ्या. ११०-१२० देणाऱ्यावर जपानी वाद्य चालतं, पण आतला रेग्युलेटर सतत जास्त तापतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात त्याचं आयुष्य घटतं. क्षमता १०० ते १५० व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) पुरते, ही वाद्यं फार वीज खात नाहीत. पण ‘५०० वॅट’ असं छापलेले पिसासारखे हलके प्रवासी कन्व्हर्टर घेऊ नका. त्यातले पुष्कळसे इस्त्री आणि ड्रायरसाठी असतात. ट्रान्सफॉर्मर हातात जड लागला पाहिजे. आणि तो वाद्याच्या मेन्सच्या वायरीला कायमचा बांधून ठेवा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी सरळ बोर्डात लावणार नाही.

वाजवताना ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो.

तो आवाज जाड आणि स्थिर असेल, तर जुन्या जड अडॅप्टरमधला कंडेन्सर सुकला आहे. ५० हर्ट्‌झची वीज सरळ करताना १०० हर्ट्‌झची लाट उरते, ती गाळणं हे त्याचं काम. पंचविसाव्या-तिसाव्या वर्षी तो थकतो. अडॅप्टरमधला कंडेन्सर बदलला की आवाज जातो. तरीही गेला नाही तर वाद्यातला बघावा लागेल.

आवाज बारीक शिट्टीसारखा असेल, आणि लॅपटॉप जोडल्यावर वाढत असेल, तर तो एसएमपीएसचा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. शांत झालं तर कारण सापडलं. ह्याच एसएमपीएसवर वाद्याच्या धातूच्या पट्टीला हात लावला की बोटाला मुंग्या आल्यासारखं वाटतं. अर्थिंगची तिसरी पिन नसल्याने आतल्या एका छोट्या कंडेन्सरमधून किंचित वीज झिरपते, त्याचा हा परिणाम. अनवाणी पायांनी देवळाच्या ओल्या फरशीवर उभं राहून वाजवणाऱ्यांना तो जास्त जाणवतो. अँप किंवा मिक्सर चांगल्या अर्थिंगच्या थ्री-पिनमध्ये असेल तर बहुधा थांबतो. मुंग्यांऐवजी खरा झटका बसला तर वाजवणं थांबवा आणि जागेचं वायरिंग तपासून घ्या.

ज्यांना आवाज अगदी स्वच्छ हवा त्यांनी जुन्या पद्धतीचा रेग्युलेटेड अडॅप्टर बनवून घ्यावा: १२ व्होल्ट १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरॅड २५ व्होल्टचा कंडेन्सर आणि ७८०९ ही तीन पायांची चिप, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर स्क्रू करून. ७८०९ ला ९ व्होल्ट देण्यासाठी आत साधारण साडेअकरा तरी लागतात, म्हणून ट्रान्सफॉर्मर ९ चा घेऊन भागत नाही. माझ्या एसएच-१०१ ला मी हाच वापरतो. त्यावर फिल्टर पूर्ण उघडून एक सूर लांबवला तरी मागे काही ऐकू येत नाही.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

ह्यावर गोव्यात जितकं बोलावं तितकं थोडं. जूनपासून चतुर्थीपर्यंत भिंतीसुद्धा घामेजतात. अडॅप्टरच्या पिनेवर काळपट थर चढतो, भोकातल्या स्प्रिंगला हिरवा गंज धरतो, आणि समुद्राजवळच्या घरांत तर खारी हवा चकाकता धातू दोन पावसाळ्यांत खाते. पिन आणि भोक कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. वाद्य झाकून ठेवताना प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आतली ओल आतच राहते. सुती चादर आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या.

वाजवून झालं की अडॅप्टर बोर्डातून काढा, नुसता बटण बंद करून ठेवू नका. विजेचा कडकडाट सुरू असताना आणि गेलेली वीज परत येते त्या क्षणी दाब उसळतो, आणि बोर्डातल्या वायरीला काही धरबंध राहत नाही. वीज आल्यावर पाच मिनिटं थांबा. घरच्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर गुणगुणतो आणि तापतो. त्यावर फार वेळ वाजवू नका.

आणि सेल काढा. अडॅप्टरवर वाजवता म्हणून कप्प्यात विसरलेले सेल हे जुन्या वाद्याचं दुसरं मरण. अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड आली असेल तर कापसाच्या काडीला थोडा व्हिनेगर लावून पुसा, ती क्षार आहे. जुन्या साध्या झिंक सेलचा पाझर आम्लाचा असतो, त्याला पाण्यात कालवलेला खायचा सोडा. नंतर दोन्ही प्रकारात अल्कोहोलने पुसून उन्हाची तिरीप दाखवा.

पॉवर बँकेवर चालेल का? दिंडीत वाजवायचंय.

चालतं. पाचाचे नऊ व्होल्ट करणारी यूएसबी वायर मिळते. छोट्या वाद्यांना ती पुरते. पण ह्या वायरींच्या पिनेत सहसा आत प्लस असतं, त्यामुळे रोलंड-कॅसिओला लावण्याआधी मीटर. काही पॉवर बँका कमी करंट ओढणारं वाद्य ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून अर्ध्या मिनिटात बंद होतात. त्यांना इलाज नाही, दुसरी घ्यावी लागते. दिंडीसाठी मी अजूनही चांगले सहा सेलच सुचवेन.

अडॅप्टर बदलल्यापासून भरून ठेवलेले आवाज गेले. अडॅप्टरमुळे?

बहुधा नाही. आवाज जपून ठेवणारा ३ व्होल्टचा लिथियम सेल आत संपला असेल. डीएक्स-७ सारख्यांत तो डाखलेला असतो. बदलण्याआधी उरलेले आवाज दुसरीकडे उतरवून घ्या.

विकत कुठे घेऊ आणि काय बघून घेऊ?

पणजीचा १८ जून रस्ता, म्हापसा आणि मडगावचा बाजार, फोंड्यात इलेक्ट्रॉनिक्सची छोटी दुकानं. वाद्य सोबत न्या. नाहीच नेता आलं तर पाटीचा फोटो आणि मीटर न्या. दुकानदाराला ‘कीबोर्डचा अडॅप्टर द्या’ म्हणू नका, ‘९ व्होल्ट डीसी, १ अँपिअर, आत मायनस’ असं म्हणा. अडॅप्टरवर भारतीय मानकाचा (आयएस) क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असावा. तो नसलेल्या स्वस्त अडॅप्टरमध्ये मेन्स आणि तुमची बोटं यांच्यामधलं अंतर किती ठेवलं आहे ते बाहेरून कळत नाही. आत मायनसचा हवा असेल तर गिटार पेडलचे अडॅप्टर विकणारं वाद्यांचं दुकान हा सगळ्यात सोपा रस्ता, कारण पेडलची रीत तीच आहे. फक्त पेडलचे लहान अडॅप्टर २००-३०० मिलिअँपिअरचे असतात, तो आकडा वाचा.

चुकीचा लावून झाला आहे. वाद्य बंद आहे. संपलं का?

बहुतेक वेळा नाही. अडॅप्टर लगेच काढा आणि पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक प्रयत्नात नुकसान पुढे सरकतं. सेलवर चालतं का ते एकदाच बघा. चाललं तर बिघाड भोकापाशीच आहे. कितीतरी वाद्यांत भोकाजवळ एक डायोड असतो, बाजू उलटी आली की तो स्वतः जळून किंवा शॉर्ट होऊन पुढच्यांना वाचवतो. तो काही रुपयांत मिळतो. त्याच्या शेजारी फ्यूज किंवा बारीक रेझिस्टर गेलेला असतो. त्यापुढे तो पहिला कंडेन्सर आणि व्होल्ट सांभाळणारी ७८०५ सारखी चिप. इथपर्यंतची दुरुस्ती कुणीही चांगला मेकॅनिक तासाभरात करतो. दुरुस्तीला देताना कुठला अडॅप्टर लावला होता तो सोबत द्या आणि खरं सांगा. मेकॅनिकचा निम्मा वेळ तिथेच वाचतो.

माझा तो फुटलेल्या कंडेन्सरचा कीबोर्ड असाच उठला. पसरलेलं पाणी अल्कोहोलने धुतलं, खाल्लेल्या रेघेवर तांब्याची तार डाखली, कंडेन्सर आणि डायोड नवीन घातले. पुढच्या जत्रेला त्याच चौकात, त्याच सतरंजीवर, नांदीला तोच वाजला.